हाजीदादा हजला गेले होते का?

आमच्या गावात आमच्या घराण्याची इज्जत एका शब्दावर उभी आहे. विहीर हाजीची, पायवाट हाजीची, वळणावरचा आंबाही हाजीचाच. आमची म्हैस दुसऱ्याच्या भातात शिरली तर लोक शिव्या द्यायचे, पण 'हाजीची म्हैस' म्हणून जरा जपून द्यायचे. हा हाजी म्हणजे माझे पणजोबा. घरात त्यांना सगळे हाजीदादा म्हणतात, आणि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही.

हाजीदादांबद्दल मला तीन गोष्टी लहानपणापासून माहीत होत्या. एक, त्यांच्या जन्माच्या आनंदात गावात घरोघरी बकरे कापले गेले. इतका आमचा मान. दोन, तरुणपणी ते जहाजाने जाऊन हज करून आले, आणि परतले तेव्हा बंदरावर निम्मा गाव लोटला होता. तीन, येताना त्यांनी मदिनेच्या खजुराची बी आणली आणि आमच्या परसात लावली. ते झाड अजून उभं आहे. दुसरी गोष्ट पुढे मीच इतक्यांदा सांगितली की मध्येच केव्हातरी तिच्यात एक वादळ घातलं. वादळाशिवाय जहाज बरं दिसत नाही.

मी सौदीत, दम्मामला, एका कंपनीत पाइपांचे कागद तपासतो. तेलाच्या कामाला लागणारा पोलादी पाइप कारखान्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर एक नंबर ठोकलेला असतो आणि सोबतच्या दाखल्यावरही तोच नंबर असतो. दोन्ही जुळले तर पाइप आत, नाही तर बाहेर. दाखल्याच्या तीन प्रती आल्या म्हणून तीन पुरावे होत नाहीत, एकाच कागदाच्या तीन झेरॉक्स होतात, हे मी नव्या पोरांना दरवर्षी शिकवतो. या नोकरीने माणूस संशयी होतो. बायको म्हणते, मी तिच्या माहेरच्या माणसांकडेही नंबर शोधल्यासारखा बघतो. फक्त स्वतःच्या घराण्याकडे मी तसं कधी पाहिलं नव्हतं. तिथे शिक्का मारणाऱ्यांत मी पहिला.

यंदा फुफी आमच्याकडे राहायला आली. फुफी म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून आमच्या घराण्यातलं शेवटचं अपील तिच्याकडे असतं. गुडघे गेलेत, आवाज आहे तसाच आहे. आल्या आल्या तिने दम्मामचा मासळीबाजार नापास केला ("पापलेट बघ, एसीत बसून बसून सायेब झालंय"), माझं पोट नापास केलं, आणि चौथ्या दिवशी चहा पिता पिता मुद्द्यावर आली.

"तुना यंदा हजचा परवाना मिलालाय ना?"

"मिळालाय."

"तुझी सोताची हज तर झालेली हाय. मग ही अम्माच्या नावानं कर."

एखादा माणूस हज राहून गेल्यावर वारला, तर ज्याची स्वतःची हज झालेली आहे तो त्याच्या नावाने करू शकतो. त्याला हज्जे-बदल म्हणतात. फुफीची अम्मा म्हणजे माझी दादी, हाजीदादांची सून. तिला हजची इतकी ओढ होती की गावात कुणी हज करून आलं की ती पहिली पोचायची. मक्का-मदिनेचं काही विचारायची नाही. विचारायची, "तिथं सकालचं गार असतं का? अंगावर काय घ्यावं लागतं?" जणू बोचकं बांधायचंच बाकी आहे. पण आधी मुलांची लग्नं आली, मग घराचं छप्पर आलं, मग तिची छाती भरून येऊ लागली, आणि ती गेली. हजचा परवाना काही वारंवार मिळत नाही. पुढचा मिळेपर्यंत माझे गुडघे फुफीसारखे झाले असतील, आणि फुफी असेल की नाही हे मी लिहीत नाही, कारण हे ती कुणाकडून तरी वाचून घेणार आहे.

मी हो म्हटलं. घराण्याच्या व्हॉट्सअॅपवर फुफीने तसं जाहीर केलं. अंगठे आले, दुवा आल्या, फुलांची चित्रं आली. मग आले चाचा.

चाचा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. गावीच असतात. बोलून पाठवतात, लिहीत नाहीत. त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात घुमला: "चाचींचं करा, चांगलंच हाय. पन मोठ्यांचं अगोदर बघा. हाजीदादा हजला गेलेच नव्हते. माझा बाप मना बोलला होता. मी याच्यावर जास्त काय बोलत नाय." एवढं म्हणून ते पुढे बराच वेळ बोलले.

आमच्याकडे जेवणाच्या ताटापासून कबरस्तानातल्या जागेपर्यंत सगळं थोरल्यापासून सुरू होतं. हाजीदादांची हज राहिलेली असेल तर बदल आधी त्यांच्या नावाने, मग सुनेच्या. म्हणजे चाचांचं खरं निघालं तर दादीची पाळी गेली, आणि बहुधा कायमची.

फुफीने चहाचा कप खाली ठेवला. "तो मेला लहानपनापासून खोटारडा. आमच्या कैऱ्या चोरायचा."

"फुफी, कैऱ्यांचा इथे काय संबंध?"

"हजच्या गोष्टीत चोराची साक्ष धरतंस तू?"

मला मात्र आत कुठेतरी नोकरीची सवय चावू लागली. मी म्हटलं, "आपण तपासून बघू. आपल्या बाजूला पुरावा भरपूर आहे."

भरपूर म्हणजे किती, ते दोन दिवसांत कळलं. मी पनवेलच्या आत्तेबहिणीला फोन केला: हाजीदादा हजला गेले होते हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, फुफीने. मुंब्र्याच्या चुलतभावाला विचारलं. त्याला त्याच्या आईने सांगितलं होतं, आणि आईला फुफीने. कतारमधल्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामू, मना तर तुमीच सांगितलंव. ते वादल आलं होतं ना जहाजावर?" सगळ्या झेरॉक्स होत्या. काही माझ्या मशीनवर निघालेल्या.

मूळ प्रत माझ्यासमोर बसून लसूण सोलत होती. "मना अम्मानं सांगितलं," फुफी म्हणाली, आणि आणखी एक पाकळी सोलून झाल्यावर, "म्हंजे मी बोलायची, अम्मा ऐकायची. नाय बोल्ली नाय कधी."

बायको कणीक मळत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांच्या कंपनीत याला काय म्हणतात हो?"

"प्रलंबित," मी म्हटलं.

मग भाच्याने नेटवरून शोधून एक जुनी यादी पाठवली: मुंबईहून हजसाठी जेद्द्याला गेलेले कुणी प्रवासी. तिच्यात हाजीदादांचं नाव. बापाचं नावही तेच. फुफीने यादी बघितली नाही, नुसतं ऐकलं, आणि चाचांना फोन लावून यादीच्या जोरावर जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिचं बोलून होईपर्यंत मी वय वाचलं. यादीतला माणूस हाजीदादांपेक्षा इतका मोठा होता की तो त्यांचा बाप शोभला असता. गावही खाडीपलीकडचं. आमच्या किनाऱ्यावर नावं कमी आणि माणसं जास्त. एकाच नावाचे आणि बापाचंही नाव तेच असलेले पाच जण एका होडीत सापडतील आणि होडीच्या मालकाचं नावही तेच असेल. पाइपाच्या भाषेत: नंबर जुळतो, पाइप दुसरा.

"मग आता माफी मागू त्याची?" फुफीने विचारलं.

"माग."

"कैऱ्यांचं फिटलं असं समज म्हनावं त्याला."

राहिलं झाड. झाड खोटं बोलत नाही. ते झाड आम्ही जवळजवळ पीर मानलेलं. आमच्या घरात मूल जन्मलं की त्या झाडाचा खजूर चावून मऊ करून त्याचं पहिलं बोट मुलाच्या टाळूला लावतात. खजूर म्हणजे, खरं सांगायचं तर, बोराएवढं फळ, आत सगळी बीच, आणि चव अशी की मूल हमखास रडायचं. ते रडलं की म्हातारी माणसं खूश व्हायची: बघा, मदिनेची आठवण आली.

आमचा मुदीर, म्हणजे साहेब, हसाचा. हसा हा दम्मामपासून जवळचा मुलूख, नजर जाईल तिथवर खजुराच्या बागा. त्याच्या घरची बाग पिढ्यान्‌पिढ्यांची. गावाहून झाडाचे फोटो मागवले आणि दुपारच्या गाहव्याच्या वेळी, म्हणजे कॉफीच्या वेळी, मी ते त्याच्यापुढे धरले. जरा ऐटीतच धरले. म्हटलं, हे आमच्याकडचं मदिनेचं झाड.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. विचारलं, याच्या पायथ्याशी पिल्लं फुटतात का? मी म्हटलं, कधीच नाही, एकटंच सरळ वाढलंय. फळ केवढं? मी बोटाने दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं मी चुकीचा दाखला घेऊन येणाऱ्या पोराकडे पाहतो.

"हादा मू नखल," तो म्हणाला. हा खजूरच नव्हे. मग माझं तोंड बघून त्याला दया आली असावी, कारण त्याने आपल्या बागेतल्या खलास खजुराचा डबा माझ्याकडे सरकवला. हसात 'खलास' ही खजुराची सर्वांत नामी जात. बाकी सगळीकडे या शब्दाचा अर्थ संपलं असा होतो. मी खाल्ला आणि मला दोन्ही अर्थ एकदम कळले.

घरी येऊन पुन्हा फोटो पाहिले. कोकणात वाढलेल्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं. ती शिंदी होती. जंगलात आपोआप येते ती. गावच्या पलीकडे तिला मडकी लटकवून जे काढतात, ते घरात कुणी नुसतं हुंगलं असतं तरी फुफीने त्याला उंबऱ्याबाहेर जेवायला घातलं असतं. आणि माझ्या टाळूला लागलेली या जगातली पहिली चव त्याच झाडाची. माझ्या स्वभावातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला, असं बायको म्हणाली.

फुफीला हे सांगायचं धैर्य मला झालं नाही. बायकोने सांगितलं. फुफीने फोटो मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग म्हणाली, "बी बदलली असंल. वाटेत." मी तपास बंद केला. जिथे बी वाटेत बदलते तिथे माझी कंपनी हात टेकते. माझा निकाल तयार होता: सिद्ध नाही, असिद्धही नाही, म्हणून दादीची पाळी कायम. मला तो निकाल हवाच होता, हे वेगळं.

हजचा महिना लागला. चांद दिसल्यावर दोनच दिवसांनी आमच्या वरच्या मजल्यावर मुलगा झाला. ती माणसं श्रीवर्धनची, बाळाची आई इथल्या दवाखान्यात नर्स. आम्ही बघायला गेलो. फुफी लिफ्टमधून कण्हत वर गेली, खुर्चीत बसली, बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्या कपाळाचा मुका घेऊन म्हणाली, "आलास काय, हाजी?"

बाळाची नानी श्रीवर्धनहून व्हिडिओवर होती. ती तिकडून हसून म्हणाली, "आमच्यात पन असंच बोलतात. बकरीदच्या चांदातला ना, पोटातच हज करून आलाय. माझा मामा पन असाच. मरेपर्यंत सगले त्याला हाजीच बोलले. मेला मुंबईच्या पुढं कधी गेला नाय."

सगळे हसले. मी हसलो नाही. फुफी आणि श्रीवर्धनची नानी एकमेकींना आयुष्यात प्रथमच बघत होत्या. इतक्या दिवसांत मला भेटलेला हा पहिला साक्षीदार, जो फुफीची झेरॉक्स नव्हता, आणि त्याला आपण साक्ष देतोय याचा पत्ताही नव्हता. मी फुफीकडे बघितलं. फुफी बाळाकडे बघत होती. तिचा मांडी हलवणारा पाय थांबला होता.

खाली घरी आल्यावर तिने पाणी मागितलं. मी समोर बसलो.

"हाजीदादाच्या जन्माला," ती म्हणाली, "गावात घरोघरी बकरे कापले."

"हो."

"घरोघरी."

"हो, फुफी."

"घरोघरी बकरे कंदी कापतात रं?"

वर्षातून एकाच दिवशी कापतात, आणि तो दिवस कुणाच्या जन्माची वाट बघत नाही. आमच्या घराण्याच्या मानाचा एवढा मोठा पुरावा आम्ही तीन पिढ्या सगळ्यांना सांगत होतो, आणि त्यात तारीख लिहिलेली होती.

फुफीला आधी हसू आलं. पदर तोंडात धरून ती हलायला लागली, आणि हलता हलता एकदम थांबली. "अम्मा अशीच पदर धरायची," ती म्हणाली. "मी कोनाला सांगायला लागले ना, आमचे हाजीदादा जहाजातून गेले, की अम्मा तोंडात पदर घेऊन आत जायची. मना वाटायचं, सासऱ्याच्या आठवनीनं रडते."

"म्हणजे दादीला..."

"तिला म्हायत होतं. सून ती त्याची, त्याच्यासाठी भाकऱ्या भाजलेल्या. पन हाजीच्या घरातल्या पोरी म्हनून आम्हाला चांगली घरं मिलाली ना. कशाला तोंड उघडंल?"

मग ती सरळ बसली आणि अपिलाचा निकाल दिला. "तुझा चाचा खरा निघाला. तू हाजीदादाच्या नावानं कर. थोरला तो थोरला. अम्मा थांबंल. तिला थांबायची सवय हाय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे. फुफीशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही. तिने चाचांना फोन लावला आणि चारच शब्द बोलली, "तुझं बरोबर होतं, मेल्या."

दम्मामहून आमची बस निघाली. नियत, म्हणजे ही हज कुणाच्या नावाची ते, कागदावर कुठेही लिहायची नसते. परवान्यावर माझंच नाव. ताइफच्या अलीकडे एक हद्द आहे, तिथे अंघोळ करून इहरामच्या दोन पांढऱ्या चादरी गुंडाळायच्या आणि नाव तोंडाने घ्यायचं. आयुष्यभर कागदावर बोट ठेवून बोललेल्या माणसाला ही व्यवस्था फार धास्तीची वाटते. रस्ताभर वाळू होती आणि मी हाजीदादांचं नाव घोकत होतो. दर वेळी मध्ये दादी यायची: तिथं सकालचं गार असतं का?

हद्दीवर मी चादरी गुंडाळल्या. त्या दोन चादरींत माझं पोट असं उठून दिसलं की एका सुदानी माणसाने उठून मला बसायला जागा दिली. तेवढ्यात फोन वाजला.

"बांधलंस इहराम?" फुफी.

"बांधलं."

"तोंडातून नाव काढलंस?"

"अजून नाय."

"मग ऐक. अम्माचं घे."

मी म्हटलं, "फुफी, थोरल्याचं आधी, असं तूच..."

"मना शिकवू नको. हाजीदादाकडं होतं काय? दुसऱ्याच्या होडीवर राबायचा. ज्याची ऐपतच नाय त्याच्यावर हज फर्ज कुटं? अम्माकडं होतं तेवढं. तिला कोनी नेलंच नाय, तुझ्या बापानं पन नाय आनि मी पन नाय." ती दम घ्यायला थांबली. "आनि हे बघ. गावानं जल्मभर त्याला हाजी बोल्लं, त्यानं एकदा पन नाय, मी नव्हं, असं म्हटलं नाय. भरपूर खाल्लं त्यानं. बसू दे जरा. अम्माला जिती असताना थांबवली, आता मेल्यावर पन रांगेत उभी करू?"

"चाचांना काय सांगू?"

"त्याला मी बघते. तू नाव घे. मी फोन धरून ठेवते."

मी नाव घेतलं. फोनमधून काही ऐकू येईना. मला वाटलं लाइन गेली. मग बायकोचा आवाज आला, "फुफी आत गेल्यात. तोंडात पदर आहे. हसतायत की काय ते कळत नाही."

हज पुरी झाल्यावर करतात तसं टक्कल करून मी परत आलो, तेव्हा फुफीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, डोकं बरंय, पोट ठेवलंस तसंच. मी तपासाच्या नादात घराण्याचा एक तक्ता काढून ठेवला होता. त्यात हाजीदादांच्या नावापुढे मी कामाच्या सवयीने नोंद केली होती: हाजी, आणि कंसात जन्मतः. फुफीने मला तो मोठ्याने वाचायला लावला.

"तो कंस काढ," ती म्हणाली.

"पण खरं तेच आहे."

"खरं असू दे. विहिरीवर कंस लिवतंस? म्हशीवर लिवतंस?"

काढला. मग तिने दादीच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं, म्हणजे मी ठेवलं आणि तिने त्यावर आपलं ठेवलं. "इथं हज्जन लिव. ठलठलीत लिव." मी लिहिलं. तिला वाचता येत नाही, पण ती ते बराच वेळ बघत बसली, आणि मग विचारलं, "सकालचं गार होतं का रं तिथं?"

मी म्हटलं, नाही फुफी, खूप उकडत होतं.

"बघ," ती म्हणाली. "अम्मा उगीच शाल घेऊन गेली असती."